कडू भोपळ्याचे दिवे : प्रकल्पाच्या नोंदी

१४ डिसेंबर २०२४, शनिवार

नाशिकजवळच्या मखमलाबादच्या मित्राच्या शेतावरून आज अकरा भोपळे घरी आणले. बियाणे पंढरपूरकडच्या एका नातलगांनी दिले होते. जूनच्या अखेरीस द्राक्षबागेच्या तारेच्या कुंपणालगत आम्ही ते टोकले, आणि पुढचे सहा महिने वेलाची सारी देखभाल मित्रानेच केली. हा दुधी नव्हे, दुधीच्याच जातकुळीतला कडू भोपळा आहे. शास्त्रीय नाव दोघांचे एकच, लॅजेनारिया सिसेरारिया; परंतु भाजीचा दुधी जून होऊ दिला तरी त्याचे कवच बहुधा पातळ राहते, आणि हा वाण मुळातच जाड कवचासाठी राखलेला आहे. सतारीचा आणि तंबोऱ्याचा भोपळा याच घराण्यातला.

कल्पना तशी जुनी आहे. २०१५ च्या सिंहस्थात पंचवटीत एका साधूंच्या हातातला तुंबा मी टिचकी मारून पाहिला होता. वर्षानुवर्षांच्या हाताळणीने तो शिसवीसारखा काळसर तुळतुळीत झाला होता आणि आवाज मात्र कोऱ्या मडक्यासारखा खणखणीत होता. कारखान्याच्या टूलरूममध्ये उभी हयात पोलाद कापण्यात गेल्यामुळे, इतके हलके आणि इतके टणक कवच वेलावर आपोआप तयार होते, ही गोष्ट तेव्हापासून मनात घर करून राहिली. निवृत्तीनंतर सवड मिळाली; येत्या दिवाळीपर्यंत या भोपळ्यांचे कोरीव दिवे करायचे, असे ठरवले आहे.

प्रत्येक भोपळ्याच्या देठाला क्रमांकाची चिठ्ठी बांधून वजने घेतली. क्रमांक ४ हा सर्वांत गोलसर असून त्याचा घेर ६२८ मि.मी. आणि वजन ३ किलो ६४० ग्रॅम भरले. देठ तपकिरी पडून वाळल्याखेरीज फळ तोडू नये, असे मित्राला बजावून सांगितले होते. तरीही क्रमांक ८ आणि १० यांचे देठ हिरवट दिसत आहेत. मजूर एका दमात सगळे तोडून मोकळे झाले, असे कळले. सर्व भोपळे गच्चीवरील पत्र्याच्या छपराखाली, बांबूच्या ताटीवर, एकमेकांना न टेकतील असे मांडले आहेत.

१९ जानेवारी २०२५, रविवार

क्रमांक ४ चे वजन २ किलो ३१५ ग्रॅम. सर्व भोपळ्यांवर करडी-काळी बुरशी आली असून सौभाग्यवतींनी ‘हे सगळे कुजले, फेकून द्या’ असा निकाल दिला आहे. वास्तविक ही बुरशी अपेक्षितच आहे. कवचातून बाहेर झिरपणाऱ्या ओलाव्यावर आणि वरच्या पातळ सालीवर ती वाढते. खालचे कवच तोवर घट्ट झालेले असेल तर तिचा उपद्रव डागांपलीकडे जात नाही, आणि ते डाग पुढे संगमरवरातल्या रेघांसारखे शोभूनही दिसतात. अंगठ्याने दाबून पाहावे. जे दबत नाही ते वाळत आहे आणि जे दबते ते कुजत आहे.

क्रमांक ८ आणि १० दबले. सुरकुतून त्यांची वांग्याच्या भरतासारखी अवस्था झाली आहे. ते कुंडीच्या खतात गेले.

क्रमांक ३ च्या बाबतीत चूक माझी. लवकर वाळावा म्हणून त्याच्या बुडाला मी दोन मि.मी.चे एक भोक पाडले होते. पाणी बाहेर यायचे ते आलेच नाही, बुरशीला मात्र आत जायला दार मिळाले. भोकाभोवतीचे कवच रुपयाएवढ्या वर्तुळात मऊ पडले आहे आणि वास असह्य आहे. यापुढे वाळेपर्यंत कोणत्याही भोपळ्याला हत्यार लावायचे नाही.

२ मार्च २०२५, रविवार

क्रमांक ४ : १ किलो २० ग्रॅम. उरलेले आठही ठणठणीत आहेत.

२० एप्रिल २०२५, रविवार

क्रमांक ४ चे वजन ३४२ ग्रॅमवर आले आहे. गेल्या रविवारी ते ३४५ होते, त्यामुळे वाळण्याचे काम संपत आले असे मानायला हरकत नाही. कानाशी धरून हलवला की आतल्या बिया खुळखुळतात. उन्हाळी सुट्टीसाठी आलेल्या नातवाने तो कानाशी धरला, वळून आजीला विचारले, “यात म्हातारी बसते ना?”, आणि उत्तराची वाट न पाहता ‘टुणुक टुणुक’ करीत तो जिन्यावरून खाली नेऊ लागला. चार महिन्यांची मेहनत जिन्यावर फुटते की काय, या धास्तीने मी मागोमाग धावलो. क्रमांक ११ हा लहान भोपळा त्याला खेळायला देऊन सोडवणूक करून घेतली.

९ मे २०२५, शुक्रवार

नातेवाइकांकडील लग्नासाठी सांगलीस गेलो होतो. तेथून मिरज हाकेच्या अंतरावर असल्याने सतारमेकरांच्या गल्लीत अर्धा दिवस काढला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही बातमी वाचनात होती. परंतु मला पाहायचे होते ते वाद्य नव्हे, वाद्य होण्याआधीचा भोपळा. एका कारखान्याच्या माळ्यावर छताला टेकतील इतके भोपळे रचून ठेवलेले होते. खाली बसलेले वयस्कर कारागीर एकेक भोपळा उचलून बोटाच्या पेराने वाजवीत, फिरवीत आणि बाजूला ठेवीत होते. मी विचारल्यावर त्यांनी एक भोपळा माझ्या हातात दिला आणि चार ठिकाणी वाजवायला सांगितले. तीन ठिकाणी आवाज सारखा आला, चौथ्या ठिकाणी किंचित बसका. “तिथं पातळ आहे. वेलावर असताना ती बाजू जमिनीला टेकलेली होती,” असे ते म्हणाले.

दुसरी शिकलेली गोष्ट अशी की, वाळलेला भोपळा कापण्यापूर्वी ते पाण्यात भिजवतात. भिजल्यावर कवच चिवट होते, कापताना तडकत नाही, आणि तोंड हवे तसे फाकवून आत काड्यांचा आधार देता येतो. मी मात्र आतापर्यंत ‘वाळवलेल्या वस्तूला पाणी लावायचे नाही’ या हट्टावर होतो. पोलादाच्या सवयी भोपळ्याला लागू पडत नाहीत, हे पुन्हा एकदा ध्यानात आले.

२७ मे २०२५, मंगळवार

यंदा मे महिन्यातच पावसाने ठाण मांडले आहे. चाळीत भरण्याआधीच कांदा भिजला म्हणून जिल्हाभर हळहळ चालू आहे, तिथे माझ्या आठ भोपळ्यांची काय कथा. तरी नोंद करतो. गच्चीवरील पत्र्याखाली वाऱ्याने पावसाची झड आली आणि क्रमांक २, ५ आणि ९ पुरते भिजले. कोरड्या फडक्याने पुसून सगळे भोपळे घरातल्या माळ्यावर हलवले. क्रमांक ४ चे वजन एका आठवड्यात ३४० वरून ३५८ ग्रॅम झाले आहे. तो भिजलेला नाही, म्हणजे हे अठरा ग्रॅम निव्वळ हवेतल्या दमटपणाचे आहेत. वाळलेला भोपळाही स्वस्थ बसत नाही. हवेबरोबर तो पाणी घेतो आणि सोडतो. कोरलेल्या दिव्याला आतून-बाहेरून लेप का हवा, याचे उत्तर तराजूनेच दिले.

८ जून २०२५, रविवार

मृगाच्या मुहूर्तावर पहिले खरे काम केले. क्रमांक ४ आणि ७ कोमट पाण्यात बुडवून त्यांवर ओले गोणपाट टाकून अर्धा तास ठेवले. भोपळा पाण्यावर तरंगत असल्याने तो बुडवून धरण्यासाठी वर पाट आणि पाटावर वरवंटा ठेवावा लागला. वरची साल ओल्या कागदासारखी सुटली. सुरीच्या बोथट पाठीने ती खरवडली आणि उरलेले चिकट पापुद्रे भांडी घासण्याच्या तारेच्या चोथ्याने काढले. काळ्या बुरशीखालून जो रंग वर आला तो पिकल्या बेलफळासारखा पिवळसर तांबूस असून त्यावर तपकिरी ढगांच्या आकृती उमटलेल्या आहेत. सौभाग्यवतींनी आपला जानेवारीतला निकाल मागे घेतला.

दिवा बसवण्यासाठी देठाकडची बाजू कापायची आणि फुलाकडची बाजू, म्हणजे भोपळ्याची नाभी, वर ठेवायची, असे ठरवले. देठ हा भोपळ्याचा सर्वांत डौलदार भाग आहे आणि तो गमावणे जिवावर येते, हे मान्य. पण या बैठकीत भोपळा स्थिर उभा राहतो आणि नक्षीला वरची अखंड घुमटी मिळते. हॅकसॉच्या तुटक्या पात्याला एका टोकाला कापड गुंडाळून मूठ केली आणि ८० मि.मी. व्यासाचे तोंड कापले. विळ्याभोपळ्याचे सख्य जगजाहीर आहे. हॅकसॉशी मात्र भोपळ्याचे बरे जमले.

आतला वाळका गर चमच्याची कड घासून केलेल्या खरवडणीने काढला. येथे एक सूचना ठळकपणे नोंदवून ठेवतो. हा गर आणि त्याची धूळ विलक्षण कडू असते. कुकरबिटासिन नावाच्या द्रव्याचा हा गुण असून, कडू लागलेल्या दुधीचा रस पिऊ नये असा इशारा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिला आहे तो याच कारणाने. मी साधा रुमाल बांधून काम केले. संध्याकाळपर्यंत घसा धरला, आणि ओठांवरून जीभ फिरवली तेव्हा कारल्याला गोड म्हणावे अशी चव आली. त्यानंतर घेतलेल्या चहालाही तीच चव होती. पुढील सर्व खरवड ओली करून, मास्क लावून आणि गच्चीवरच.

आत मोरचुदाचे पातळ पाणी फिरवून वाळत ठेवले आहे. द्राक्षवाल्या मित्राकडे बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद असतेच. किडीसाठी एवढे पुरेसे ठरावे. निळसर झाक राहते, पण ती आतल्या बाजूला आहे. हे विषारी असल्याने हातमोजे घातले होते आणि वापरलेला डबा वेगळा काढून ठेवला आहे. सर्व सफाईनंतर क्रमांक ४ चे कवच २४८ ग्रॅम भरले. कडेला जाडी ५ ते ६ मि.मी. आहे.

२२ जून २०२५, रविवार

नक्षी कशी करावी, यावर पंधरा दिवस गेले. बस्तरमध्ये वाळक्या भोपळ्याला तुमा म्हणतात आणि तापवलेल्या लोखंडाने त्यावर आकृती डागतात. दूर दक्षिण अमेरिकेत, पेरू देशातील वांकायो शहराजवळच्या कोचास गावांत, बारीक कोरणीने भोपळ्यावर अख्ख्या गावाचे जीवन कोरण्याची परंपरा आजही चालू आहे. त्याच देशात वाका प्रिएता येथे १९४६-४७ च्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ ज्युनियस बर्ड यांना सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे कोरीव भोपळे सापडले होते. आपल्याकडे, नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांत आणि पलीकडे जव्हारकडे, भोपळ्याचा तारपा होतो. भोपळ्यात बांबूच्या नळ्या बसवतात, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा जोडतात आणि सांधे मेणाने बुजवतात. वारली चित्रांतले फेर धरलेले नर्तक ज्याच्याभोवती फिरतात, ते हेच वाद्य. एका स्नेह्यांनी दिव्यावर वारली नर्तक डागण्याचे सुचवले. मला ते पटले नाही. ती चित्रभाषा ज्यांच्या घरच्या भिंतीवर वाढली त्यांच्या हातात ती बोलते. माझ्या हातून नुसती नक्कल होईल.

मला येते ते भोके पाडणे. त्यामुळे नक्षी ठिपक्यांचीच करायची, आणि ठिपक्यांच्या नक्षीचा जाणकार तर घरातच आहे. सौभाग्यवतींच्या रांगोळीच्या वहीतील ‘११ ते ६’ ची एक रांगोळी निवडली. मधल्या ओळीत अकरा ठिपके आणि वरखाली एकेक कमी होत सहापर्यंत. अशा षट्कोनी जाळीचा कागद क्रमांक ७ भोवती गुंडाळून २ मि.मी. ड्रिलने कामाला लागलो.

६ जुलै २०२५, रविवार

क्रमांक ७ तडकला.

कसा, ते सविस्तर लिहितो, कारण चूक हत्याराची नसून आराखड्याची होती. सपाट कागदावरील जाळीत सर्व ठिपक्यांमधील अंतर सारखे असते. माझ्या कागदावर ते १० मि.मी. होते. भोपळ्याच्या पोटाभोवती ते तसेच राहिले. पण नाभीकडे जाताना घेर कमी होत जातो, कागद चुरगळतो, आणि प्रत्येक ओळीत तेवढेच ठिपके बसवायचे तर ते जवळ जवळ येऊ लागतात. वरून तिसऱ्या ओळीत दोन भोकांमध्ये जेमतेम ३ मि.मी. कवच उरले होते. तरीही मी पुढे गेलो, कारण कागदावर ठिपका होता. चौतिसाव्या भोकाला ‘टिच्’ असा आवाज आला आणि टपालाच्या तिकिटाची कड फाटावी तशी चीर एका भोकातून दुसऱ्या भोकात धावत गेली. जावईबापूंनी फोनवर ‘भ्रमाचा भोपळा फुटला’ हा विनोद केलाच. तो कोणी ना कोणी करणारच होते.

गोलावर सपाट कागद सुरकुतीवाचून बसत नाही, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पत्र्याच्या कामात ही गोष्ट रोजची असते. पण रांगोळी ही ‘नक्षी’ आणि भोपळा हा ‘पृष्ठभाग’ अशी मी मनात फारकत केली होती, आणि तिथेच फसलो.

आज आषाढी एकादशी असल्याने चातुर्मासाची गोपद्मे देवापुढे काढली जात होती. फुटका भोपळा पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, ही रांगोळी जमिनीची आहे. घागरीवर ती निघणार नाही. घागरीवर काढायची तर तळापासून कमळ उघडत न्यावे लागते.” त्यांनी क्रमांक ४ उलटा मांडीवर घेतला, नाभीवर खडूचा एक ठिपका दिला, आणि त्याच्याभोवती पाकळ्या काढायला सुरुवात केली. पाकळी रुंदावते तिथे ठिपके वाढवायचे, निमुळती होते तिथे कमी करायचे, दोन पाकळ्यांच्या मधली जागा मोकळी सोडायची. पाच मिनिटांत त्यांनी जे केले ते माझ्या ड्रॉइंगच्या चार कागदांवर नव्हते. त्या भोपळ्यापासून निघाल्या होत्या, मी कागदापासून निघालो होतो.

क्रमांक ७ चे तुकडे फेकलेले नाहीत. रंग, डाग आणि लेप यांच्या चाचण्यांसाठी ते उपयोगी पडतील.

२० जुलै २०२५, रविवार

क्रमांक ४ वर आखणी पूर्ण. भोपळ्याला अक्ष नसतो, ही या कामातील मुख्य अडचण. देठापासून नाभीपर्यंत सरळ रेघ धरावी तर ती पोटाच्या मध्यातून जातेच असे नाही. शेवटी सागवानी कड्यावर भोपळा उपडा ठेवून, कडे जाड काचेवर ठेवले. जुन्या सरफेस गेजच्या, म्हणजे ठरावीक उंचीवर रेघ आखण्याच्या उपकरणाच्या, सुईऐवजी पेन्सिल बसवली आणि ती एका उंचीवर पक्की करून गेज भोपळ्याभोवती फिरवला. पहिल्या फेरीत रेघ एका बाजूला नाभीच्या जवळ आणि दुसऱ्या बाजूला लांब गेली. मग भोपळा कड्यात केसभर कलता करायचा, रेघ पुसायची, पुन्हा फिरवायची. सातव्या वेळी रेघ नाभीपासून सर्व बाजूंनी सारखी आली. तिथे कड्यावर आणि भोपळ्यावर जुळणीची खूण केली.

घेराचे सोळा भाग करायला कंपासही लागला नाही. वर्तमानपत्राची पट्टी घेराइतकी कापून चार वेळा दुमडली की सोळा घड्या पडतात. प्रत्येक घडी ३९ मि.मी.हून थोडी अधिक आली. सोळा पाकळ्या, प्रत्येकीत एकवीस ठिपके, एकूण ३३६. कोणत्याही दोन भोकांमध्ये किमान ६ मि.मी., म्हणजे कवचाच्या जाडीइतके अंतर सोडायचेच, हा नियम क्रमांक ७ च्या स्मरणार्थ.

९ ऑगस्ट २०२५, शनिवार

राखीपौर्णिमेच्या गडबडीतून सकाळचे तीन तास मिळाले आणि क्रमांक ४ ची भोके पूर्ण झाली. हातड्रिलची गती कमी ठेवली. टोच्याने आधी खळगी केली नाही तर ड्रिल गुळगुळीत कवचावरून घसरते आणि ओरखडा आयुष्यभर राहतो. भोक आरपार होण्याच्या क्षणी दाब काढून घ्यायचा, नाहीतर आतल्या बाजूचा टवका उडतो.

मिरजेच्या कारागिरांचे म्हणणे येथे उपयोगी पडले. आखणीनंतर सर्व बाजूंनी टिचकी मारून पाहिले तेव्हा चौदाव्या पाकळीच्या टोकाशी आवाज बसका आला. तोंडातून बोट आत घालून पाहिले. तिथे कवच इतरत्र लागते तसे दाट नव्हते, ठिसूळ होते. त्या जागेचा एक ठिपका मुद्दाम सोडून दिला आहे. एकूण भोके ३३५.

पाकळ्यांच्या कडा डागण्यासाठी २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न वापरले. त्याला पितळी सळईतून घडवलेले, चमच्यासारखे गोलसर टोक बसवले आहे. धारदार टोक कवचाच्या तंतूंत अडकून रेघ वाकडी करते; गोल टोक बर्फावरून घसरावे तसे चालते. हात थांबला की तिथे काळा थेंब पडतो. म्हणून रेघ सुरू करण्याआधी हात हवेतच चालता करायचा आणि चालत्या हाताने टेकवायचा, हे क्रमांक ७ च्या तुकड्यांवर दोन संध्याकाळी गिरवून मग मूळ कामाला लागलो. धूर त्रासदायक असतो. खिडकीत पंखा बाहेरच्या दिशेने लावला होता.

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

चपडी लाख ३० ग्रॅम, स्पिरिट २०० मि.ली., एक रात्र मुरवून मलमलीतून गाळले. जुन्या धोतराच्या तुकड्यात कापूस गुंडाळून बोळा केला आणि क्रमांक ४ वर तीन हात दिले. तिसऱ्या हातानंतर बाहेर सर आली, आणि पाहता पाहता सगळ्या भोपळ्यावर काकडीवरच्या लवेसारखी पांढुरकी झाक चढली. मी हवालदिल झालो. जुन्या नाशकातील एका फर्निचर पॉलिशवाल्यांना फोटो पाठवला तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले, “साहेब, श्रावण-भाद्रपदात पॉलिश करतं का कोणी? लाख पाणी प्यायली. ऊन पडू द्या, नुसत्या स्पिरिटचा हलका हात मारा.” स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतली वाफ धरते आणि लेपात अडकते, हे त्यामागील कारण. काम थांबवले आहे.

७ सप्टेंबर २०२५, रविवार

आज कोरडे ऊन मिळाले. सांगितल्याप्रमाणे स्पिरिटचा हात दिला आणि झाक गेली. आतूनही दोन हात दिले.

मध्यंतरी क्रमांक १ आणि ६ यांची सफाई, आखणी आणि भोके झाली. क्रमांक १ चा देठ राखला असून तोंड बुडाला कापले आहे. नाभी गेल्यामुळे त्यावरील पाकळ्या देठापासून खाली उतरवल्या. क्रमांक ११ नातवाने इतका खेळवला आहे की त्याला वेगळे पॉलिश लागणार नाही. त्याचे झाकण कापून डबी केली.

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

दिवा बसवताना एक नवीच गोष्ट समजली. ३ वॅटचा एलईडी बुडाच्या कड्यात बसवून अंधार केला तर वरच्या पाकळ्या छतावर उमटल्या, पण पोटाकडच्या दोन ओळी जवळजवळ विझलेल्या दिसल्या. भोके तर आरपार होती. बराच वेळ तपासल्यावर लक्षात आले की, कवच ५-६ मि.मी. जाड आणि भोक २ मि.मी. म्हणजे प्रत्येक भोक हे भोक नसून एक लहान बोगदा आहे, आणि बोगद्याच्या रोखात दिवा असेल तरच उजेड पलीकडे जातो. मी प्रत्येक भोक पृष्ठभागाला काटकोनात पाडले होते, त्यामुळे पोटाकडच्या भोकांचा रोख भोपळ्याच्या साधारण मध्याकडे होता आणि दिवा होता तळाशी. बाहेरून प्रत्येक भोकात लोखंडी तार घालून आत ती कुठे जाते ते पाहिले. बहुतेक तारा तोंडापासून ७० ते ९० मि.मी. उंचीवर एकमेकींजवळ आल्या. एलईडी ८० मि.मी. उंच पितळी नळीवर चढवला आणि सगळ्या पाकळ्या एकदम उघडल्या.

दुधी काचेचा बल्ब लावून पाहिला तर छतावरचे ठिपके पसरट आणि धूसर झाले. उघडा, बारीक एलईडी लावला की ते टोकदार झाले. छतावरचा प्रत्येक ठिपका हे त्या भोकातून पडलेले दिव्याचेच चित्र असते, त्यामुळे दिवा जितका लहान तितका ठिपका नेमका. तेलाची पणती आत ठेवण्याचा आग्रह दोघांनी केला. तो मी मानला नाही. वाळलेला भोपळा म्हणजे सरपणच.

१७ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार, वसुबारस

तीन दिवे तयार : क्रमांक ४, १ आणि ६. क्रमांक २, ५ आणि ९ मे महिन्यातल्या भिजण्यानंतर पुन्हा वाळले आहेत, पण त्यांना या वर्षी हात लावलेला नाही. बिया धुऊन, सावलीत वाळवून कागदी पाकिटांत भरल्या. एक पाकीट मखमलाबादला पोहोचते केले. मित्राला देठाबद्दल पुन्हा सांगितले आहे, आणि या वेळी तोडणीला मी स्वतः हजर राहणार आहे.

संध्याकाळी दारात रांगोळी झाल्यावर क्रमांक ४ ओसरीवर ठेवून लावला. छतावर कमळ उघडले. सौभाग्यवतींनी मान वर करून, बोटाने मोजत, पाकळ्यांवरून एक फेरी घेतली आणि चौदाव्या पाकळीशी थांबून विचारले, “इथे एक ठिपका राहिला का?” वहीतले ९ ऑगस्टचे पान काढून त्यांच्यापुढे धरले. ते त्यांनी वाचले, खडूचा डबा उचलला, आणि उंबऱ्याजवळ राहिलेली गाईची पावले काढायला गेल्या.